पांढऱ्या कापडावरची शेवंती

त्या दिवशी एका मुंगीनं माझं डोकं खाल्लं. झेंडूच्या एका पाकळीवर ती बसली होती आणि फोटो काढताना आम्हा दोघींच्याही लक्षात आली नव्हती. तो फोटो चौकोनी कापून मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकाला एक लावून पसरला, तेव्हा वरपासून खालपर्यंत मुंग्याच मुंग्या झाल्या. सारख्या अंतरावर, ओळीनं, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. माझी मैत्रीण शेजारी खुर्ची ओढून बसली होती. ती घाबरून म्हणाली, "अगं, माझ्या फुलायला मुंग्या लागल्या असं वाटून राहिलं. हे पाहून कोण बोलावंल मला?" मी म्हटलं, "गुळाच्या हातानं तोडलेस का फुलं?" त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की खालच्या खताच्या दुकानदारानं जिन्यात येऊन काय झालं म्हणून विचारलं.

त्या दुकानाच्या वरची खोली माझी. हिंगोलीकडच्या सेनगावात मी वेबसाइटी बनवते, लग्नपत्रिका करते, दुकानांच्या पाट्यांची चित्रं करून देते. माझा स्वभाव तापट आहे हे माझा नवरा सांगेलच, पण माझा प्रिंटर बोलू शकला असता तर त्यानंही सांगितलं असतं. ही मैत्रीण शाळेपासूनची. आमच्याकडच्या गोरेगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. ती दुसऱ्या गावची, पण लग्न होऊन नेमकी माझ्याच गावात सून म्हणून आली, आणि मी लग्न करून सेनगावला आले. म्हणजे माझं माहेर ते तिचं सासर. तिचं घर मारुतीच्या पाराजवळ, मोठ्या शेतकऱ्याचं. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. आईला भेटायला जाताना जीप तिच्या दारावरूनच जाते, आणि ती दिसली की मी ड्रायव्हरला ओरडून थांबवते. बाकीचे प्रवासी चिडतात, चिडू देत.

या वर्षी तिनं सासऱ्यांकडे विहिरीजवळचं एक एकर मागितलं. तिला तिथं फुलं लावायची होती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि त्या फुलांनी स्वतःच लग्नाचे मांडव सजवायचे. तिचा नवरा बापापुढे तोंड उघडत नाही, त्यामुळे तिनंच विचारलं. सासरे बोलायला कमी, पण शब्दाला पक्के. ते म्हणाले, "एक हंगाम देतो. लगनसराईत फुलं खपले तर बराबर. न्हाई खपले तर पुढच्या साली गपगुमान सोयाबीन."

हे सांगायला ती माझ्याकडे आली तेव्हा खुशीत होती आणि भेदरलेलीही होती. इतकी वर्षं संसार झाला, पण त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी माहेरून आणलेली पेटी सोडली तर काही नाही. मला म्हणाली, "हे एकर हातचं गेलं न, तर मी परत कोणाला काही मागणार न्हाई." ती बोलते तसं करते, हे मला माहीत आहे. शाळेत एकदा बाईंनी तिला गाण्यातून काढलं, तर ती आजतागायत आरतीलासुद्धा तोंड उघडत नाही. म्हणून मला त्या एकराची तिच्याइतकीच काळजी लागली.

वेबसाइटचं खूळ तिच्या डोक्यात एका नवरदेवानं घातलं. पोरगा पुण्याला नोकरीला, लग्न गावाकडे. त्यानं फोनवर विचारलं, तुमची साइट आहे का? "मी म्हणलं, दादा, शेत पाहायला या. तर तो म्हणे शेत नको, साइट पाठवा," ती सांगत होती. "आता शेतातले फुलं खरे का साइटवरले?" त्या नवरदेवानं मग नांदेडच्या कुणाला तरी काम दिलं. ती गोष्ट तिच्या मनाला फार लागली होती.

तर साइट करायची ठरली आणि तिची एकच अट होती. साइटच्या मागे, सगळ्या पानभर, फुलं दिसली पाहिजेत आणि ती तिच्याच शेतातली पाहिजेत. इंटरनेटवरून उचललेली चालणार नाहीत. मला हे फार आवडलं, पण वरवर मी कुरकुरले. कारण काम सोपं नसतं. एवढं मोठं चित्र साइटच्या मागे टाकलं तर आमच्याकडच्या मोबाइलवर ती उघडेपर्यंत लग्न उरकून जाईल. म्हणून एक छोटा चौकोन करायचा आणि तोच आडवाउभा पुन्हा पुन्हा लावत जायचा, फरशीसारखा. छापील साडीवर ठसा जसा परत परत येतो तसं. पाहणाऱ्याला ठसा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळता कामा नये. स्वस्तातल्या साडीत निऱ्यांवर अर्धं फूल इकडे आणि अर्धं तिकडे दिसतं, तशी गत झाली की काम फसलं.

हे जमवायची युक्ती अशी. चौकोनाचे चार तुकडे करायचे आणि त्यांची कोपऱ्यातल्या कोपऱ्यात अदलाबदल करायची. डावीकडचा वरचा उजवीकडे खाली, असं. मग बाहेरच्या कडा आपोआप एकमेकींशी जुळतात, पण न जुळणारा सांधा चौकोनाच्या मध्यावर येतो. तो तिथं उघडा पडतो. मग त्यावर दुसऱ्या फोटोतलं एखादं फूल आणून ठेवायचं आणि सांधा झाकायचा. मी तिला हे करून दाखवलं तर ती बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "म्हंजे भांडण घराबाहेरचं घरात आणायचं, अन् वरून फूल ठेवायचं." तिच्या सासरचं कोणतं भांडण तिला आठवलं ते मी विचारलं नाही.

पहिला चौकोन आम्ही झेंडूच्या ढिगाचा केला. त्यातच ती मुंगी निघाली. मुंगी पुसली, तर एका फुलाची तुटकी पाकळी दिसायला लागली. एकदा दिसली असती तर कुणी पाहिलीही नसती, पण पानभर तीच ती यायला लागली की डोळा तिथंच जातो. पाकळी दुरुस्त केली, तर ढीगच नको वाटायला लागला. त्यावर अक्षरं वाचता येत नव्हती. मी चित्र फिकं केलं तर मैत्रीण भडकली. "माझे फुलं फिके काहून केले? उन्हात टाकल्यावानी दिसून राहिले." मी म्हटलं, "तुझा फोन नंबर दिसला पायजे का नको?" ती म्हणाली, नंबर मोठा लिही. फिकं करण्यावरून आमचं इतकं वाजलं की चहा गार झाला.

शेवटी मीच सुचवलं की ढीग नको. साध्या कापडावर फुलं सुटी सुटी मांडू. मग मी घरी गेले आणि कपाटातून माझी लग्नातली साडी काढून आणली. पांढरी, बारीक जरीच्या काठाची. मैत्रिणीनं ती लगेच ओळखली. "ही तू लगनात नेसली व्हतीस," ती म्हणाली. "मी आले व्हते न. सगळेच पांढऱ्यात. मला वाटलं व्हतं, ढगात आले का काय." त्या वेळी ती अजून माहेरी होती, आणि घरच्यांना शाळेतून दाखला आणायचं कारण सांगून एकटी जीपनं आली होती. माझ्या शेजारी बसून जेवली होती. तिनं साडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिच्यावर मांडू."

आम्ही साडी गच्चीवर पसरली. वर हिरवी जाळी बांधली, कारण उन्हात फुलांच्या सावल्या काळ्या पडतात आणि त्याही चौकोनात येऊन बसतात. दोघी गुडघ्यावर बसून फुलं मांडायला लागलो, आणि लगेच भांडायला. मला काही फुलं उताणी, काही कुशीवर, एखादं पालथं हवं होतं. सगळी एकसारखी वर पाहत असली की ती मांडलेली दिसतात, पडलेली दिसत नाहीत. पण ती पालथं फूल ठेवायला तयार होईना. देवाला फूल पालथं वाहत नाहीत, मग दुसरीकडे तरी कसं ठेवायचं, हे तिचं म्हणणं. मी एक पालथं ठेवायचे, ती हळूच सरळ करायची. मी कॅमेऱ्यातून पाहीपर्यंत सगळी फुलं पुन्हा आकाशाकडे तोंड करून तयार. कुशीवर ठेवायला तेवढी ती राजी झाली. "झोपलेलं चालंल," म्हणाली.

पिवळी शेवंती, झेंडू, गुलाबाच्या थोड्या पाकळ्या, आणि मधे मधे पांढरी शेवंती. पांढऱ्यावर पांढरी शेवंती ठेवली तर फूल दिसत नाही, फक्त पाकळ्यांच्या बारीक सावल्या दिसतात. कुणीतरी पेन्सिलीनं अलगद काढल्यासारखं. तो चौकोन मी जुळवला, पसरला, आणि आम्ही दोघींनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. मुंगी नाही, सांधा नाही, फिकं करायची गरज नाही. अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. मला माझं लग्न आठवलं, तिलाही माझंच लग्न आठवलं, आणि इथंच आमचं चुकलं.

साइट सासऱ्यांना दाखवायची होती. त्यांचं एकर, त्यांना दाखवल्याशिवाय काहीच पुढे जाणार नव्हतं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन जीपनं गावी गेले. तिनं अंगणात बाजेवर सतरंजी टाकली, चहा आणला. कप सगळ्यांचे सारखे होते. हे मी पाहून घेतलं, पाहून घ्यायची सवय जाता जात नाही. गावातली सगळी पोरं तिच्या सासऱ्यांना आबा म्हणतात, मीही लहानपणापासून आबाच म्हणते. आबांनी चष्मा लावला आणि लॅपटॉपकडे पाहायला लागले. मी कौतुकाची वाट पाहत बसले, खोटं कशाला बोलू.

मग म्हणाले, "खाली बी हेच हाय?" मी पान खाली सरकवत नेलं. खालीही तेच. पांढरं, त्यावर शेवंती, झेंडू, गुलाबाच्या पाकळ्या.

"पुसून टाक," आबा म्हणाले.

"काहून, मामा?" मैत्रिणीचा आवाज एवढासा झाला. तिच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात.

"लगनाच्या कामाला हे चालत न्हाई. मयतावर घातल्यावानी दिसून राहिलं. हे पाहून कोण आपल्या पोरीच्या मांडवाचं काम देईन?"

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. चहाचा कप मी जोरात खाली ठेवला. म्हटलं, "आबा, ती माझी लगनातली साडी हाय. आमच्यात नवरीनं पांढरंच नेसायचं असतं. नवरदेव बी पांढऱ्यात असतो. मयत म्हणून राहिलात तुमी, ते माझं लगन हाय."

आबांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील, पण त्यांचा आवाज खाली गेला. "तुझ्या बापाच्या मयताला मी व्हतो, बाई. त्याच्या अंगावर असंच पांढरं व्हतं अन् असेच फुलं. मला तेच दिसलं. दुसरं काही माझ्या मनात न्हाई."

ते खरं होतं. बाप गेला त्या दिवशी आबा आले होते. उन्हात शेवटपर्यंत चालत आले होते आणि सगळे परतल्यावरही जरा वेळ उभे होते. ते सगळं मला आठवलं. त्यांना वेडंवाकडं बोलायचं नव्हतं हे मला कळलं, पण त्यामुळे राग गेला असं नाही, उलट तो जास्त झोंबला. आमच्यात मयतावरचं कापडही पांढरंच असतं, ते काही मी नाकारत नाही. पण बारशाला, लग्नाला, विहारात वंदनेला जातानाही आम्ही पांढरंच घालतो. आमचं जन्मापासूनचं सगळं त्या पांढऱ्यात आहे. आबा एवढी वर्षं त्याच गावात राहिले आणि त्यांनी त्यातलं फक्त शेवटचं पाहिलं होतं.

मी लॅपटॉप मिटला आणि उठले. रागाच्या भरात आईलाही न भेटता परतीची जीप धरली.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण सेनगावला हजर. हातात आंब्याच्या पानांची पिशवी. मी तिच्याकडे न पाहता म्हटलं, "पांढरं काढून टाकते. तुझं एकर जायला नको." तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. "मला दोन पायजेत," ती म्हणाली.

"दोन काय?"

"एक ह्या पानावरलं. हळदीकुंकवाच्या लोकायसाठी. अन् दुसरं पांढरं. ते बी ऱ्हाईल."

मी तिला वेड्यात काढलं. म्हटलं, सासरा पाहतोय, एका हंगामाचा सौदा आहे, उगाच पाय कशाला आपटतेस? ती शांतपणे पानं पुसत होती. म्हणाली, "मामा मयताला आले व्हते, म्हणून त्यायला मयत दिसलं. मी लगनाला आले व्हते. मला जे दिसलं ते बी साइटवर ऱ्हाईल. फुलं माझे हायेत."

त्या क्षणी मला तिची इतकी माया आली की मी तिच्यावरच ओरडले, पानं ओली का आणलीस म्हणून. रडू आलं की मी ओरडते. तिला ते शाळेपासून ठाऊक आहे, त्यामुळे तिनं पदरानं पानं पुसणं चालू ठेवलं.

आंब्याच्या पानांचा चौकोन झेंडूपेक्षाही चिकट निघाला. पानाला दिशा असते, सगळी देठं एकीकडे गेली की पडदाभर वारा सुटल्यासारखं वाटतं. पण तोही जमला. साइट उघडली की आधी पानांवरचा झेंडू दिसायचा, आणि आत गेलं की पांढऱ्या सजावटीचं वेगळं पान. तिनं सासऱ्यांना तसं सांगून टाकलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. गप्प बसणाऱ्या माणसाचं हेच वाईट, हो का नाही ते आपणच रात्रंदिवस ताडत बसायचं.

तुळशीचं लग्न झालं आणि लगनसराई लागली. कामं आली, पण तिला वाटली होती तेवढी नाही. गोरेगावचं एक, हिंगोलीचं एक, असं करत दिवस गेले. ती पहाटे फुलं तोडायची, दुपारी मांडव बांधायची आणि मला फोटो पाठवायची. मग पौष लागला. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, आणि शेवंती मात्र तेव्हाच भरात येते. एकर पिवळंपांढरं होऊन उभं आणि विचारायला कुणी नाही. आबा रोज बांधावरून चक्कर मारून यायचे. एक दिवस म्हणाले, "सोयाबीन घरात तरी ठेवता येतं." एवढंच. तिनं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. "जाऊ दे," ती म्हणाली. "एक हंगाम तर एक हंगाम."

तिच्या त्या 'जाऊ दे'ला चार दिवसही झाले नसतील, हट्टा गावाकडच्या एका बौद्ध कुटुंबाचा फोन आला. पोरीचं लग्न होतं आणि पोरीनं मोबाइलवर साइट पाहिली होती. पांढरं पान तिला दाखवलं होतं तिच्या कुठल्याशा मैत्रिणीनं. नवरीचं म्हणणं, मांडवात अगदी असंच पाहिजे, पांढऱ्या कापडावर शेवंती. माझ्या मैत्रिणीनं तारीख ऐकली आणि मला फोन करून ती आधी ओरडलीच. "तुमच्यात पौष पाळत न्हाईत?"

"न्हाई पाळत. सुट्टी कवा हाय ते पाहतो आमी."

"मग हे सांगितलं काहून न्हाईस?"

"तू विचारलंस कधी?" मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाही सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांची मैत्री, एकमेकींच्या घरच्या खाष्ट माणसांची नावं पाठ, आणि एवढी साधी गोष्ट दोघींच्या मधे कधी आलीच नव्हती. हट्ट्यापाठोपाठ आणखी दोन फोन आले, दोन्ही पौषातलेच.

हट्ट्याला टेम्पो निघाला तेव्हा आबा येऊन पुढच्या सीटवर बसले. ड्रायव्हर फुलांच्या पाट्या एकावर एक रचतो, फुलं दबतात, म्हणून ते येणार. दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मी साइटसाठी फोटो काढायला गेले होते. आबांनी पांढऱ्या शेवंतीची पाटी रस्ताभर मांडीवर धरली होती. पायाशी फडक्यात भाकर बांधून ठेवली होती. तीही मी पाहून घेतली, आणि मनातल्या मनात म्हटलं, बरोबर आहे, तिथलं कशाला खातील.

विहारासमोर मांडव होता. मैत्रिणीनं सकाळपासून पांढरं कापड ताणून बांधलं आणि त्यावर फुलं ओवत गेली. मी फोटो काढत होते. आबा एका बाजूला हात मागे बांधून उभे होते. मग नवरी आली. पांढरी साडी, केसात पांढरी शेवंती. नवरदेवही पांढऱ्यात. दोघं मूर्तीपुढे वाकली आणि मागची सगळी माणसं, म्हाताऱ्या, पोरीबाळी, पांढऱ्या कपड्यात एकदम उभी राहिली. मी कॅमेरा खाली घेऊन आबांकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली होती आणि ते सगळ्यांसारखे हात जोडून उभे होते.

लग्न लागल्यावर नवरीचा चुलता आमच्याकडे आला. "पाव्हणे, चला जेवायला." आबा त्याच्यामागं चालायला लागले आणि पंगतीत जाऊन बसले. भाकर टेम्पोतच राहिली. मी त्यांच्या शेजारच्या जागेवर बसले. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी वाढली गेली. आबांनी पहिला घास घेतला, चावला, आणि ताटाकडे पाहतच बोलायला लागले.

"तुझा बाप माझ्या दारात आला व्हता. तुझ्या लगनाची पत्रिका घेऊन. म्हणला, आबा, जेवायला या. मी व्हय म्हणलो." मग वरण-भात कालवत म्हणाले, "आलो न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. बापानं आम्हाला कधी सांगितलं नाही. धुतलेला सदरा घालून तो त्या घरी गेला असेल, ते 'व्हय' खरं मानून घरी आला असेल, आणि लग्नाच्या दिवशी पाहुण्यांमधे वाकून वाकून पाहत असेल. माझा बाप तसाच होता. मला आबांना खूप काही बोलायचं होतं. एका जेवणानं हे फिटत नाही, हे तरी बोलायचंच होतं. पण त्यांनी फिटलं असं म्हटलं नव्हतं, माफीही मागितली नव्हती. ते नुसते जेवत होते, लग्नात जेवतात तसे. मी वाढणाऱ्याला हाक मारली आणि म्हटलं, "इकडं आबायला बुंदी वाढा."

तेवढ्यात मैत्रीण रिकामी पाटी घेऊन पंगतीशेजारून चालली होती. आबांनी तिला थांबवलं. "औंदा पांढरी शेवंती कमी पडली," ते म्हणाले. "पुढच्या साली पिवळी कमी कर, पांढरी वाढव. एका एकरात भागतं का न्हाई, ते पाहू."

मैत्रीण "व्हय, मामा" म्हणाली आणि मांडवाचा खांब धरून तिथंच उभी राहिली. पदर तोंडाला लावलेला होता. मला उठून तिला मिठी मारायची होती. पण मी पानावरून उठले नाही. माझ्या बापानं ज्याला जेवायला बोलावलं होतं तो माणूस माझ्या शेजारी जेवत होता, आणि त्याचं जेवण होईपर्यंत मला तिथं बसायचं होतं.